साडेपाच किलोचा हिशेब

ट्रेकिंगमध्ये एक ढोबळ नियम सांगतात. एका दिवसाची भटकंती असेल तर पाठीवरचं ओझं आपल्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवायचं. मुक्कामाला जायचं असेल तर वीस टक्क्यांच्या आत. माझं वजन ५५ किलो. म्हणजे माझ्या वाट्याला साडेपाच किलो येतात.

दोन लिटर पाणी घेतलं की त्यातले दोन किलो गेले. रिकामी सॅक ७०० ग्रॅम. उरलेल्या २ किलो ८०० ग्रॅममध्ये डबा, पॉन्चो, औषधं, टॉर्च, जास्तीचा चष्मा, पॉवरबँक, मोजे आणि एक पातळ जर्किन बसवायचं. मी ३४ वर्षं बँकेच्या काउंटरवर रोकड मोजली. हिशेब जुळेपर्यंत चैन पडत नाही, ती सवय अजून गेलेली नाही. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकेक वस्तू ठेवते आणि डायरीत लिहिते. खजुराची पुडी २०० ग्रॅम. हेडटॉर्च सेलसकट ९०. चष्मा डबीसकट ११०, डबीशिवाय ३०. डबी घरीच राहते, चष्मा मोज्यांच्या गुंडाळीत जातो.

मी ६३ वर्षांची आहे. पहिल्यांदा पाठीवर सॅक घेतली तेव्हा साठी उलटून गेली होती. हे वाचून 'वा काकू, वय म्हणजे फक्त आकडा!' असं म्हणायला तुमची जीभ शिवशिवत असेल तर जरा थांबा. वय हा फक्त आकडा असता तर मला ही डायरी लागली नसती.

*

आमच्या घरात ट्रेकर मी नव्हते. ट्रेकर होते आमचे 'हे'. नवऱ्याला 'हे' म्हणायची आमच्या पिढीतली पद्धत तुम्हाला गमतीची वाटेल, पण चाळीस वर्षांची सवय आहे, या लेखापुरती मोडत नाही.

१९८०च्या दशकात हे शनिवारी संध्याकाळी स्वारगेटला जाऊन एसटी धरायचे. रात्री पायथ्याच्या गावातल्या देवळात पथारी, पहाटे गड. पायात कॅनव्हासचे हंटर बूट, पाठीवर खाकी हॅवरसॅक, दोन सेलची बॅटरी, आणि पातेलं कुणी न्यायचं यावर मित्रांशी वाद. मी घरी असायचे. आधी सासूबाईंचं आजारपण, मग मुलांच्या परीक्षा. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. तेव्हा मला जावंसं वाटतही नव्हतं. रविवारी सकाळी घर शांत असायचं, ते मला आवडायचं.

सात वर्षांपूर्वी ह्यांच्या उजव्या हाताचा अंगठा आणि बोट, गोळी वळावी तसं आपोआप हलायला लागलं. पार्किन्सन्स. मराठीत कंपवात. नावात कंप असल्यामुळे बाहेरच्यांना हात थरथरलेला दिसतो. घरच्यांना दुसरंच दिसतं. शर्टाची बटणं लावायला लागणारी दहा मिनिटं. सहीचं बारीक बारीक होत गेलेलं अक्षर. चालता चालता दाराच्या चौकटीत आले की पाय जमिनीला चिकटल्यासारखं थांबणं.

चौथ्या वर्षी एका रात्री हे बाथरूमच्या दाराशी पडले. लागलं नाही. पण मला त्यांना उठवता येईना. त्यांचं वजन तेव्हा ६८ किलो. काखेत हात घालून पाहिलं, मागून धरून पाहिलं. शेवटी आम्ही दोघं भिंतीला टेकून फरशीवर बसून राहिलो. शेजाऱ्यांना उठवावं की सकाळ होऊ द्यावी, यावर आमची अर्धा-पाऊण तास चर्चा चालली होती. मग शेजारचा मुलगा आला आणि त्याने मिनिटभरात ह्यांना उठवून पलंगावर बसवलं. तो तेव्हा अठरा वर्षांचा होता.

त्यानंतर फिजिओथेरपिस्ट घरी यायला लागली. पडलेल्या माणसाला ओढायचं नसतं, जवळ खुर्ची आणून त्याला एका गुडघ्यावर घ्यायचं आणि त्याचं त्याला उठू द्यायचं, हे तिने शिकवलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "काकू, आता तुमची परीक्षा."

परीक्षा साधी आहे. हात न टेकवता, छातीवर फुली करून ठेवायचे, आणि खुर्चीतून उठायचं-बसायचं. तीस सेकंदांत किती वेळा जमतं ते मोजायचं. अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या तक्त्यानुसार ६० ते ६४ वयाच्या बाईचा आकडा बाराच्या खाली आला तर तो सरासरीपेक्षा कमी समजतात, आणि पडण्याचा धोका वाढलेला धरतात. माझे नऊ झाले.

"काकांना धरणारं माणूस तुम्ही," ती म्हणाली. "तुम्हाला कोण धरणार?"

मला ट्रेकिंगचा नाद या वाक्यातून लागला.

*

वय वाढतं तसे स्नायू झिजतात, हे आपण गृहीत धरतो. ते खरंही आहे. पण झिजलेले स्नायू परत येतात का, या प्रश्नाचं उत्तर मला माहीत नव्हतं. फिजिओने मला एका जुन्या प्रयोगाबद्दल सांगितलं. १९९० साली बोस्टनमध्ये मारिया फियाटारोन या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वृद्धांच्या संस्थेतल्या दहा जणांना पायांचे वजनाचे व्यायाम दिले. सगळे नव्वदीच्या आसपासचे, अशक्त. आठ आठवड्यांनी, ज्यांनी व्यायाम पूर्ण केला त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली होती. म्हणजे पावणेतीन पट. नव्वदीत.

मग मी साठीत काय करत होते? मॉर्निंग वॉक. अर्धा तास सपाट रस्त्याने, मैत्रिणींशी बोलत. चालणं चांगलंच असतं, पण त्याने खुर्चीतून उठण्याची ताकद येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ६५ च्या पुढच्यांसाठी नुसतं चालणं नाही. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम, शिवाय किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचे व्यायाम, आणि किमान तीन दिवस तोल सांभाळण्याचे. तुमच्या आईवडिलांना विचारून बघा, शेवटच्या दोन गोष्टी किती जण करतात.

मी खुर्चीपासून सुरुवात केली. मग बिल्डिंगचे चार मजले. मग जुन्या दप्तरात तांदळाची एक किलोची पिशवी घालून तेच चार मजले. पिशव्या वाढत गेल्या. वॉचमन विचारायचा, "काकू, रोज तांदूळ वर नेता, आणि परत खाली आणता?" मग पर्वतीच्या १०३ पायऱ्या. एकदा, दोनदा, तीनदा. सहा महिन्यांनी सिंहगड, आतकरवाडीच्या वाटेने. पुण्यातली शेकडो माणसं दर आठवड्याला तो चढतात, त्यात सत्तरीतलेही असतात, त्यामुळे मी काही पराक्रम केला नाही. मला वर जायला दोन तास दहा मिनिटं लागली. कॉलेजची मुलं मला ओलांडून वर गेली आणि दही खाऊन खाली येताना पुन्हा भेटली.

त्या दिवशी कळलं की दमवतो चढ, पण दुखवतो उतार. चढताना छाती धापते, थांबलं की शांत होते. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेकसारखा काम करत असतो. प्रत्येक पावलाला तो तुमचं सगळं वजन हळूच खाली सोडतो. तो थकला की भार गुडघ्यावर. फिजिओला हे सांगितलं तर ती म्हणाली, "माणसाला खुर्चीत अलगद बसवताना तुमचा हाच स्नायू लागतो, काकू. तो नसला की आपण माणूस बसवत नाही, टाकतो."

तेव्हापासून मी सिंहगडाच्या उताराला फार मान देते.

*

आता बुटांबद्दल.

ह्यांचे ट्रेकिंगचे बूट माळ्यावर होते. २००८ साली घेतलेले, चांगल्यातले, फार वापरलेले नाहीत. पेपरात गुंडाळून, डांबरगोळ्या घालून ठेवलेले. माझ्या पायाला मोठे होते, पण हे म्हणाले, "बघ तरी, दोन मोजे घालून होतील." मी ते हॉलमध्ये घालून चार पावलं टाकली आणि फरशीवर खारीच्या तुकड्यांसारखा चुरा पडला. वरचं चामडं ठणठणीत, तळ मात्र भुगा.

हे खूप जणांच्या बाबतीत होतं. अनेक बुटांच्या तळव्यात मधला मऊ थर पॉलियुरेथेनचा असतो. हवेतल्या दमटपणाने तो वर्षानुवर्षं आतून विरघळत जातो. जपून ठेवलेले बूट म्हणूनच एक दिवस गडाच्या मधोमध तोंड उघडतात. माळ्यावरचे जुने बूट घेऊन ट्रेकला निघणार असाल तर आधी आठवडाभर गावात घालून फिरा.

ह्यांनी तो चुरा बोटाने गोळा केला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "वापरायला हवे होते."

दुकानात गेले तेव्हा विक्रेत्या मुलाने विचारलं, "आजी, वॉकिंग शूज दाखवू का? मऊ असतात." त्याचा हेतू चांगला होता. पण दगडगोट्यांच्या वाटेवर मऊ तळ म्हणजे प्रत्येक खडा पायाला कळणार. मला जाड, पकड असलेला तळ हवा होता आणि पुढे रुंद जागा. वयाबरोबर पायाची कमान थोडी बसते, पाऊल पसरतं. लग्नात माझा नंबर पाच होता, आता सहा आहे. बूट संध्याकाळी घ्यायचे, तेव्हा पाय दिवसभराने थोडे सुजलेले असतात. लेस बांधून बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा हवी, नाहीतर उतारावर नखं काळी पडतात. आणि मोजे सुती नकोत. सुती मोजा घाम धरून ठेवतो, ओला राहतो, आणि ओल्या कातडीवर फोड येतात. हे सगळं ह्यांनी मला खुर्चीत बसून शिकवलं. हात थरथरत होते म्हणून लेस बांधून दाखवता येत नव्हती. तोंडी सांगितलं, मी बांधली.

काठ्यांना मात्र ह्यांचा विरोध होता. त्यांच्या काळी काठी म्हणजे वाटेत मिळेल ती. दोन-दोन काठ्या हातात घेऊन चालणं त्यांना फॅशन वाटायची. पण उतारावर दोन काठ्यांनी गुडघ्यावरचा भार कमी होतो हे मोजून पाहिलेलं आहे, आणि माझ्या गुडघ्यांनाही ते पहिल्याच दिवशी पटलं. सपाटीवर कोपर काटकोनात राहील एवढी उंची. चढाला थोडी कमी, उताराला पाच-दहा सेंटिमीटर जास्त. पट्ट्यात हात खालून घालायचा, म्हणजे भार मनगटावर येतो, मुठीवर नाही. डावा पाय पुढे, तर उजवी काठी पुढे.

पुढे गंमत अशी झाली की फिजिओने त्याच काठ्या, टोकांना रबर लावून, ह्यांच्या हातात दिल्या. हॉलमध्ये फरशीवर पाऊलभर अंतराने रंगीत चिकटपट्ट्या लावल्या. पार्किन्सन्समध्ये पाय अडतो, पण समोर ओलांडायला रेघ असली की पाऊल उचललं जातं. मोजत चाललं की ताल मिळतो. त्यामुळे आमच्याकडे आता रोज सकाळी दहा वाजता ट्रेक असतो. हॉल ते स्वयंपाकघर. "एक, दोन, एक, दोन." महिन्यातून एका रविवारी काठ्या माझ्याकडे, उरलेले दिवस त्यांच्याकडे.

*

जास्तीचा चष्मा हे सॅकमधलं सर्वांत कमी वजनाचं आणि सर्वांत महत्त्वाचं सामान. याचं कारण एक अमेरिकन आजी.

एमा गेटवुड यांनी १९५५ साली, वयाच्या ६७व्या वर्षी, अ‍ॅपलाचियन ट्रेल एकटीने, एका मोसमात पूर्ण केला. जॉर्जियापासून मेनपर्यंत सुमारे ३३०० किलोमीटर. असं करणारी ती पहिली बाई. अकरा मुलांची आई. मुलांना सांगितलं ते एवढंच, की जरा चालायला जातेय. पायात कॅनव्हासचे साधे बूट. सॅक नाही, घरी शिवलेली जाड कापडाची पिशवी एका खांद्यावर. तंबू नाही, पावसापासून बचावाला बाथरूमचा प्लास्टिकचा पडदा. पुढे १९५७ साली तिने तो सगळा मार्ग पुन्हा चालून काढला.

ही गोष्ट इंटरनेटवर 'सामान नको, जिद्द हवी' या अर्थाने फिरते. पण तिचा पहिला प्रयत्न १९५४ सालचा. त्यात ती वाट चुकली, चष्मा फुटला, आणि घरी परतावं लागलं. जिद्द दोन्ही वर्षी तेवढीच असणार. चष्मा नव्हता.

दुसरं असं, की तिच्याकडे सामान नव्हतं हे अर्धसत्य आहे. तिचे पाय हे तिचं सामान होतं. आयुष्यभर शेतावर राबलेली बाई ती. नवरा मारझोड करायचा, त्यातून निभावून, वेगळी होऊन ती वाटेला लागली होती. माझे पाय ३४ वर्षं काउंटरखाली दुमडलेले होते. तिला जे कॅनव्हासच्या बुटात जमलं ते मला जमेल असं समजणं म्हणजे तिच्या कष्टांचा हिशेबच न धरणं.

आपल्याकडे हेच वारीबद्दल बोलतात. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. डोक्यावर तुळस, पायात साधी चप्पल, सत्तरीच्या आज्या. 'बघा, यांना कुठे ब्रँडेड बूट लागतात?' लागत नाहीत असं नाही, मिळत नाहीत. दिंडीच्या वाटेवर पायांना तेल चोळून देणाऱ्यांपुढे आणि औषधांच्या टेबलापुढे किती पाय रांगेत असतात ते एकदा बघावं.

सिंहगडाच्या वाटेवर एक मावशी ताक विकतात. माझ्याच वयाच्या असतील. सामान डोक्यावर घेऊन चढतात. मी दम खायला त्यांच्याकडे बसते. एकदा त्यांनी माझी काठी हातात घेऊन निरखली, किंमत विचारली आणि परत दिली. मग म्हणाल्या, "ताई, तुमी कशापायी चढता? काय इकाया न्हाई, काय आणाया न्हाई."

मी म्हटलं, "पायात ताकद राहावी म्हणून."

त्या हसल्या. "आमची हाय. पर गुडघं गेलं."

कष्ट आणि व्यायाम यांत हा फरक आहे. दुखलं की मला थांबता येतं, त्यांना थांबता येत नाही. मी त्यांच्यासाठी क्रेप बँडेज नेलं होतं एकदा. त्यांनी घेतलं, आणि माझ्याकडून ताकाचे पैसे घेतले नाहीत. दोघींचा हिशेब मिटला.

*

एका ट्रेकिंग ग्रुपचा फॉर्म भरायला घेतला तर त्यात वयोमर्यादा ५५ होती. राग आला नाही. तीस जणांना घेऊन जाणाऱ्या पोराच्या जागी मी असते तरी मला भीती वाटली असती. एक माणूस अडलं की सगळे अडतात. पर्वतीवर भेटणाऱ्या आम्ही पाच जणी मग आमच्या आम्हीच जायला लागलो. सर्वांत लहान ५८, सर्वांत मोठ्या ७१. आमचे नियम थोडे आहेत. सर्वांत सावकाश चालणारी पुढे. तहान लागो न लागो, दर वीस मिनिटांनी पाणी, कारण या वयात शरीराला तहान उशिरा कळते. प्रत्येकीच्या सॅकच्या वरच्या कप्प्यात तिच्या औषधांची चिठ्ठी आणि घरचा फोन नंबर. आणि वळायची वेळ निघायच्या आधीच ठरलेली. शिखर आलेलं असो वा नसो, त्या वेळेला वळायचं.

मला वळावंच लागतं. घरी औषधांच्या वेळा असतात. आठ, बारा, चार, आठ. गोळी जेवणाआधी अर्धा तास, कारण प्रथिनांबरोबर ती नीट शोषली जात नाही. वेळ चुकली की हे पुतळ्यासारखे बसून राहतात. मी नसते त्या रविवारी दिवसभराची एक बाई येते, आणि दुपारी शेजारचा तोच मुलगा, आता इंजिनीअरिंगला आहे, ह्यांच्याशी बुद्धिबळ खेळायला बसतो. सोंगट्या दोघांच्याही तोच हलवतो.

नणंदेने फोनवर विचारलं होतं, "त्याला असं सोडून तुझं मन कसं होतं गं?" तिला मी खुर्चीच्या परीक्षेबद्दल सांगितलं. पायांची ताकद, उतार, मांडीचा स्नायू. सगळं खरं होतं. पण सगळं तेवढंच नव्हतं. ताकद बिल्डिंगच्या जिन्यावरही येते. मी जाते कारण त्या दिवशी सहा-सात तास मला कुणी हाक मारत नाही. मी जाते कारण कारवीतून वर आलं की वारा लागतो. हे मी तिला सांगितलं नाही, तुम्हाला सांगते.

ह्यांना मात्र ते कळलं होतं. एका संध्याकाळी मी परत आले, बूट काढत होते, काय काय पाहिलं ते भराभर सांगत होते. ह्यांचा तो दिवस वाईट गेला होता. मध्येच म्हणाले, "मी आजारी पडलो म्हणून तुला गड दिसले."

मी काही बोलले नाही. खोटं असतं तर बोलले असते. उठून खिचडी टाकली. रात्री कूस बदलून देताना रोजच्यासारखं "एक, दोन, तीन" मोजलं, आणि हे रोजच्यासारखे तीनला वळले. त्या वाक्याचं पुढे काय करायचं ते आम्हाला दोघांनाही माहीत नव्हतं. अजूनही नाही. ते घरात आहे, माळ्यावरच्या सामानासारखं.

पुढच्या आठवड्यात त्यांनी शेजारच्या मुलाकडून कागद मागून घेतला आणि राजगड काढला. तीन माच्या, मध्ये बालेकिल्ला. रेषा थरथरत्या, पण दिशा बरोबर. गुंजवण्याकडून चोरदरवाजाची वाट आहे, तिच्यावर फुली. पाली दरवाजाची वाट, तिच्यावर बरोबरची खूण. "पायऱ्या आहेत. लांब पडेल, पण तुम्हाला बरी." मग संजीवनी माचीवर बोट ठेवून म्हणाले, "इथे दुहेरी तटबंदी आहे. तिथून पश्चिमेला तोरणा दिसतो. आणि बालेकिल्ल्यावर जा. तिथून सगळं कळतं."

आम्ही डिसेंबरात गेलो. पहाटे साडेपाचला पुणं सोडलं. पाली दरवाजाच्या वाटेने वर पोहोचायला पावणेतीन तास लागले. संजीवनीवर गेलो, तोरणा जिथे सांगितला तिथेच होता. पद्मावतीच्या देवळापाशी डबा खाल्ला. बालेकिल्ल्याची चढण समोर दिसत होती. खडी, कातळातली, धरायला रेलिंग. घड्याळात साडेअकरा. वळायची वेळ साडेअकरा.

चौघी माझ्याकडे बघत होत्या. त्यांना माहीत होतं, मला तिथे जायला सांगितलं गेलं होतं. गुडघे शाबूत होते, पाणी होतं, ऊन सौम्य होतं. वर जाऊन यायला दीड तास. मग आम्ही अंधार पडता पडता घरी, आणि घरी आलेली बाई सहाला जाणार. मी बूट घट्ट बांधले, काठ्या उताराच्या मापाला वाढवल्या, आणि आम्ही खाली उतरायला लागलो.

घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, "बालेकिल्ला?"

"वेळ झाली होती."

ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बरोबर केलंस. आम्ही एकदा नव्हतो वळलो, रात्र काढावी लागली होती बुरुजाखाली." आणि तीस वर्षांपूर्वीची ती रात्र पहिल्यांदा मला सांगितली. थंडी, भिजलेली काडेपेटी, एका मित्राला आलेला ताप. इतकी वर्षं ते फक्त शिखरांच्या गोष्टी सांगत आले होते.

*

खुर्चीच्या परीक्षेत आता माझे सोळा होतात. ह्यांचे, हात टेकवून, चार. गेल्या वर्षी सहा होते. हे दोन आकडे एकाच डायरीत, एकाच पानावर लिहिते, आणि कुठला कुठल्या दिशेने चाललाय ते आम्हा दोघांना दिसतं. माझाही पुढे कधीतरी उतरणीला लागेल. उतार सावकाश करायचा, एवढंच आपल्या हातात असतं, आणि त्यासाठी स्नायू आत्ता कमवायचा.

पुढच्या महिन्यात सिंहगड आहे. या वेळी ह्यांनाही यायचंय. सिंहगडावर वाहनतळापर्यंत गाडीरस्ता आहे. मी आतकरवाडीहून चढणार, शेजारचा मुलगा ह्यांना गाडीने वर आणणार. तिथून पुणे दरवाजापर्यंत पायऱ्या आहेत. ह्यांचं म्हणणं, तेवढ्या चढीन. गेले पंधरा दिवस बिल्डिंगच्या जिन्यावर सराव चाललाय. एक हात कठड्याला, एका हातात काठी, मी एक पायरी खाली, मागे.

काल दहा पायऱ्या झाल्या. दहावीवर थांबून, धापा टाकत म्हणाले, "माझं वजन किती टक्के झालं गं तुझ्या?"

हिशेब केला. आता ६४ किलो आहेत. "एकशे सोळा."

"नियमात बसत नाही."

"बसत नाही," मी म्हटलं. "चला, अकरावी."

वर पिठलं-भाकरी खायचं ठरलंय. बेसन म्हणजे प्रथिनं, म्हणून बाराची गोळी अर्धा तास आधी. ती माझ्या सॅकमध्ये असेल, वरच्या कप्प्यात, चष्म्याशेजारी.